पळसाचा पुतळा आणि विलायतेचा दाखला

मी मेलो तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. तापानं गेलो असं सरकारी कागदात लिहिलेलं आहे, आणि सरकारी कागद खोटा नसतो हे मला अकोल्याच्या कचेरीत एका शहाण्या माणसानं नीट समजावून सांगितलं. त्यानंतर मी पुष्कळ वर्षं जगलो. आता साठी उलटली, दात गेले, राग मात्र जिथल्या तिथं आहे. वाचणाऱ्यानं माझी कीव करू नये. या प्रकरणात सगळ्यांनी आपापल्या परीनं माती खाल्ली, त्यात मीही आलो.

आमचं गाव अकोल्यापासून बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. काळी जमीन, कुणब्याचं घर. मी पोरसवदा असताना अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाड आठवलं. अमेरिका कुठं आहे हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. पण ज्यांच्याकडे मातीची गाडगी होती त्यांच्याकडे तांब्याचे हंडे आले, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा आल्या, लग्नाच्या पंगती तीन-तीन दिवस उठू लागल्या. घरं बदलली, माणसं तीच राहिली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; इथं तर सुंभ जळलाही नव्हता, त्याला वरून तूप लागलं होतं.

त्याच भरभराटीत बाबांनी मला अकोल्याच्या सरकारी शाळेत घातलं. का, तर व्यापाऱ्यानं हातात दिलेली चिठ्ठी घरच्या माणसाला वाचता यावी. चिठ्ठी वाचता येऊ लागल्यावर मी थांबलो नाही, इंग्रजी शिकलो, आणि पुढे अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात कारकुनाच्या कामावर लागलो. रोग्यांची नावं लिहायची, औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि महिनाअखेरीस किती मेले, कशानं मेले, याचा कागद भरून वर पाठवायचा, एवढंच माझं काम.

दवाखान्याचे डॉक्टरसाहेब तांबड्या मिशांचे आणि तिरसट होते. हंगामात अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांनी पाय ठेवायला जागा नसे. एकदा कापसाची दाबलेली गाठ अंगावर येऊन एका गाडीवानाचा हात कोपरापासून चिरडला. साहेबांनी त्याला औषध हुंगवून झोपवलं आणि हात कापला. मी शेजारी परात धरून उभा होतो. तो माणूस मरणार याची मला खात्री होती, मी मनातल्या मनात कागदही भरून टाकला होता. पुढच्या हंगामात तोच माणूस एका हातानं कासरा धरून गाडी हाकत दवाखान्याच्या दारात आला आणि साहेबांना बोंडांची ओंजळ देऊन गेला. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला डॉक्टर व्हायचं होतं.

साहेबांनी ते ओळखलं. ते चैत्रअखेर रजेवर मायदेशी जाणार होते. माझ्याबरोबर चल, तिकडच्या वैद्यकशाळेत तुला घालतो, खर्चाची तजवीज मी लावतो, असं त्यांनी आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं. अट एकच. अमुक गावच्या अमुक माणसाचा हा मुलगा, वर्तणूक चांगली, बापाच्या संमतीनं जातो आहे, असा दाखला माझ्या जिल्ह्याच्या कचेरीतून, म्हणजे अकोल्याहून, हवा. त्याशिवाय जहाजावर कोणी घेणार नाही आणि शाळेतही नाही.

मी गावी गेलो. बाबा वेचणीवर होते.

"इलायतेले?" बाबा म्हणाले. "तिकडे जवारी पिकते का?"

"नाही."

"मंग खासीन काय?"

"ते खातेत तेच."

"ते काय खातेत ते मले मालूम हाये." बाबा परत सरीत वाकले आणि वेचू लागले. तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी म्हणाले, "किती वर्सं?"

"पाच."

"आन तुहा कागद."

बाबांना लिहिता येत नव्हतं. कुणबी कागदावर नांगराची निशाणी करतो, तशी त्यांनी केली. पण नुसत्या दोन रेघा मारून ते सुटले नाहीत. रुमणं काढलं, फाळ काढला, जू काढलं, आणि कागद लांब धरून पाहिला. "बाप म्हून मी हो म्हनतो," ते म्हणाले. "बाकीच्यायचं तू पाह्य."

मायनं एवढंच विचारलं की समुद्र आपल्या पूर्णेपेक्षा किती मोठा असतो. पलीकडचा काठ दिसत नाही, असं मी सांगितलं. तिचा भाकर थापणारा हात थांबला. मग ती परत थापू लागली.

अर्ज मी अकोल्याला देऊन आलो आणि मूर्खासारखा खुशीत अमरावतीला परतलो. बाकीच्यांचं पाहायला मी विसरलो होतो. बाकीचे मला विसरले नव्हते. माझ्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिच्या सासरच्यांचा निरोप आला: पोरगा समुद्र ओलांडणार असेल तर सोयरीक मोडली असं समजा. मी रजा काढून गावी आलो, तोच जातीच्या पंचांनी बाबांना बोलावलं. थोरल्या पंचाचा कापूस त्या साली आमच्यापेक्षाही जास्त होता. तो कापूस समुद्र ओलांडून विलायतेला जात होता, तिथं बाटत नव्हता. माणूस तेवढा बाटत होता. हे मी तेव्हा बाबांना म्हणालो, तर ते म्हणाले, "कापसाले लगन कराचं नसते."

पंचांपुढे बाबा दिवसभर बसले. शेवटी थोरल्या पंचानं तोड काढली. त्याचे शब्द बाबांनी घरी येऊन मला जसेच्या तसे सांगितले: "जाते तं जाऊ दे त्याले. पन आमच्या लेखी तो मेला. मेल्यावानी सारं कर, दिवसपानी कर, अन् मंग पोरीचं लगन सुखानं लाव. कोनी तुले वाळीत टाकनार नाई."

बाबा हे सांगताना हसत होते. खरंच सांगतो, त्यांना सौदा पटल्याचा आनंद झाला होता. "सुटलो रे बाप्पा," ते म्हणाले. "चार दिस रडाचं, डोस्कं भादराचं, झालं. केस काय, येतेत वापस. तू बी येसीन. आला का मंग पाहू, प्राश्चित देऊ, जेवन घालू."

मलाही त्यात गैर काही वाटलं नाही. एका पुतळ्याच्या बदल्यात मला विलायत मिळत होती आणि बहिणीला नवरा.

प्रेत नसलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. पण फाल्गुनात पळसाला पान कुठलं? सारं रान नुसतं फुलांनी लाल झालेलं. जोशीबुवा म्हणाले, पानाशिवाय विधी होत नाही. मग मायनं बहिणीच्या लग्नासाठी लावून ठेवलेल्या पत्रावळींतल्या काही उसवल्या, आणि त्या वाळक्या पानांचा माझा पुतळा बांधला. मी नाल्याच्या अलीकडे बाभळीखाली उभा होतो. विधी पलीकडे चालला होता. नाला कोरडा, मधे वीस पावलांचं अंतर. सारा गाव तिथं होता आणि एकानंही माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्याबरोबर विटीदांडू खेळलेले, माझ्या घरी जेवलेले, सगळे माझ्या पलीकडच्या बाभळीकडे बघत होते. पहिल्यांदा मला हसू आलं. मग बाबा मडकं खांद्यावर घेऊन फिरले, ते फुटलं, आणि पत्रावळींनी पेट घेतला तेव्हा हसू गेलं.

माय आधी रीत म्हणून रडली. बायका गळ्यात पडायला आल्या तशी ती खरी रडू लागली, आणि ते तिला थांबवता येईना. तिसऱ्या दिवशी तिनं माझी चादर वाळत घातलेली काढली आणि दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकली. दहाव्यापर्यंत मी शेतातल्या खोपटात होतो; बहिणीनं चोरून येऊन सांगितलं की माय वाढताना माझं ताट घेत नाही, आणि चुकून घेतलं तर ते परत फळीवर पालथं घालते. खेळ म्हणून सुरू केलेली गोष्ट तिच्यासाठी खेळ राहिली नव्हती. मला तेव्हा हे दिसत होतं. मी त्याकडे पाठ फिरवली, कारण मला जायचं होतं.

दहाव्याला मी परत त्याच बाभळीखाली उभा होतो. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. म्हणजे माझी कोणतीही इच्छा उरलेली नाही, असं ठरलं.

तिथंच गावचा कोतवाल पुढे आला. त्या साली हैज्याची साथ फार होती आणि वरून कडक हुकूम आला होता की गावात जन्मला-मेला एकही माणूस लिहायचा राहता कामा नये. शेजारच्या गावच्या कोतवालाला त्यापायी दंड झाला होता. हा बिचारा बाबांच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहत म्हणाला, "बुवा, याचं नाव पटवाऱ्याले सांगू का?"

पंच तिथंच बसले होते. बाबा नाही म्हणाले असते तर दहा दिवसांचं रडणं सोंग ठरलं असतं आणि लग्न तिथंच मोडलं असतं. बाबांनी एकदा पंचांकडे पाहिलं.

"सांग," ते म्हणाले.

"कायनं गेला म्हनून सांगू?"

"ताप सांग."

आता माझी चूक सांगतो. बाबांना जातीचं मरण आणि सरकारचं मरण या दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या लेखी पटवाऱ्याचा कागद म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरातला कागद, तिथंच राहणारा, उंदरांनी खायचा. पण मी? मी दवाखान्यात दर महिन्याला नेमके तेच कागद भरत होतो. तो कागद गावातून तहसिलीत जातो आणि तहसिलीतून अकोल्याला, हे सबंध वऱ्हाडात कोणाला माहीत असेल तर मला माहीत होतं. आणि मी वीस पावलांवरून ते बोलणं ऐकलं आणि मनात म्हणालो, चला, तापानं गेलो, हैज्यानं नाही, हे बरं झालं.

चैत्राच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याच्या कचेरीतून बोलावणं आलं. मी बडनेऱ्याहून आगगाडीनं गेलो, नवं धोतर नेसून. शिरस्तेदार पुण्याकडचे होते, बोलणं मऊ, स्वच्छ. त्यांनी माझा अर्ज चौकशीसाठी गावी पाठवला होता आणि उत्तर समोर होतं.

"अर्जदार मयत असल्याचं पटवाऱ्यानं कळवलं आहे," ते म्हणाले. "तेव्हा आपण कोण?"

मी सगळं सांगितलं. पुतळा, पत्रावळी, कावळा, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. त्यांच्या घरीही हेच चालत असणार, त्यांना ते नवीन नव्हतं. पण मेलेल्या माणसाच्या नावावर दुसराच कोणी विलायतेला जायला बघतो आहे, असा संशय घेणं त्यांचं काम होतं.

"मी जिवंत आहे हे दिसत नाही का?" मी विचारलं.

"कोणीतरी जिवंत आहे हे दिसतं," ते म्हणाले. "आपण तेच की कसं, ते सरकारी कागदावरून ठरायचं. आणि सरकारी कागद खोटा नसतो."

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनीही तेच सांगितलं. पळसाला पानं तीनच. पण त्यांनी एक वाट ठेवली. बापानं आणि गावच्या दोन प्रतिष्ठित माणसांनी कचेरीत येऊन हा तोच मुलगा असं सांगावं, नोंद दुरुस्त करू, दाखला देऊ. समन्स त्याच दिवशी निघाले. दोन प्रतिष्ठित माणसं म्हणजे कोण, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. गावात प्रतिष्ठित दोनच: थोरला पंच आणि त्याचा भाऊ.

ते तिघे एकाच बैलगाडीतून आले. बाबांच्या डोक्यावर बोटभर केस आले होते. ते कचेरीच्या ओट्यावर पागोटं सोडून, परत बांधून, परत सोडून बसले होते. मी जवळ गेलो तर पंच आमच्याकडे पाहत होता. बाबांनी तोंड फिरवलं.

आत साहेबांनी विचारलं, शिरस्तेदारांनी मराठीत सांगितलं. "हा समोर उभा आहे तो तुमचा मुलगा का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. ते माझ्याकडे रागानं पाहत नव्हते, शरमेनंही नाही. बैल चिखलात रुतला आणि पाऊस वाढत चालला की ते असे पाहायचे.

"साहेब," ते म्हणाले, "माह्या पोराचे दिवस झाले."

"म्हणजे तो मयत आहे?"

शिरस्तेदारांनी दुसऱ्यांदा विचारलं. पंच खाकरला.

"हो," बाबा म्हणाले.

लग्नाला पंधरा दिवस राहिले होते. मला माहीत होतं. बहीण मलाही तेवढीच लाडकी होती. तिच्या जागी मी असतो तर मीही बाबांकडून हेच मागितलं असतं. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या समजत होतं, आणि तरी मला वाटलं की आता इथल्या इथं खरंच मरावं, म्हणजे यांचा सगळ्यांचा कागद खरा होईल.

डॉक्टरसाहेब ठरल्या दिवशी गेले. बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांनी मला सांगितलं की जागा वर्षभर राहील. कागद नीट झाला तर मुंबईत त्यांचे स्नेही आहेत, ते पुढच्या जहाजानं पाठवतील. मी मान डोलावली. ते गेल्यावर मी दवाखाना सोडला. नवे डॉक्टर आले होते, पण मला महिनाअखेरीचा तो कागद हातात धरवेना. अकोल्यात एका व्यापाऱ्याच्या वखारीत इंग्रजी पत्रं लिहायचं काम धरलं आणि तिथंच एका खोलीत राहिलो. गावाला जाण्याचा प्रश्न नव्हता. मेलेला माणूस दारात आला तर लग्नघरात काय होतं ते मला शिकवायची गरज नव्हती. आमच्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मी गोण्यांवर पडून छताकडे पाहत होतो. ना घरचा, ना विलायतेचा.

लग्नाला महिना झाला असेल. ज्येष्ठ लागला होता, उन्हाचा कहर होता, जमिनी पेरणीच्या तयारीला आल्या होत्या आणि असल्या दिवसांत कुणबी शेत सोडून कुठं जात नाही. दुपारी वखारीच्या पायरीवर बाबा उभे होते. बैलगाडी नाही, संगतीला कोणी नाही. ते पायी आले होते.

"चाल," ते म्हणाले.

"कुठं?"

"कचेरीत. सांगतो साहेबाले. माहा पोरगा हाये, जित्ता हाये, मी खोटं बोललो म्हून सांगतो. दंड करन तं करू दे."

"आणि पंच?"

"पंचाले सांगून आलो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पोरीचं लगन झालं, ते तिच्या घरी गेली. आता मले अन् तुह्या मायले वाळीत टाकतेत तं टाकू दे. आमाले काय कोनाच्या पंगतीले जाचं हाये."

मला तिथं त्यांच्या पाया पडायला हवं होतं. हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. वर्ष संपलं नव्हतं, जागा होती, मुंबईचा पत्ता माझ्या पेटीत होता. बाप सगळं उधळून परवानगी घेऊन दारात उभा होता, आणि या वेळी ती साऱ्या गावाच्या विरुद्ध होती, फक्त माझ्यासाठी. पण कचेरीतला तो 'हो' मला पचला नव्हता. दीड महिना मी तो गिळायचा प्रयत्न करत होतो.

"जहाज गेलं," मी म्हणालो.

"दुसरं येईन."

"तुमचा पोरगा मेला," मी म्हणालो. "तुमीच सांगितलं साहेबाले. मी कोन तुमचा?"

"बरं," ते म्हणाले. मग पायरीवर बसले, पागोटं सोडलं, घाम पुसला, परत बांधलं. मी आत जाऊन पत्र लिहायला घेतलं. एकच ओळ मी चार वेळा लिहिली आणि चार वेळा खोडली. मधून मधून मला त्यांची पाठ दिसत होती. उन्हं कलली तेव्हा ते उठले आणि गावाच्या रस्त्याला लागले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा तेराव्याचं जेवण उठून गेलं होतं. विलायतेचं नाव मी परत काढलं नाही. ज्यानं परवानगी दिली त्याला मी हाकलून दिलं होतं, मग जायचं कोणाच्या परवानगीनं? लोक मला विचारतात की पंचांचा राग येतो का, कचेरीचा येतो का. येतो, सगळ्यांचा येतो. पण त्या दिवशी एक म्हातारा माणूस ज्येष्ठाच्या उन्हातून एवढी वाट चालत माझ्या दारात आला होता, आणि मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.